हाकणारा हलका पाहिजे

त्या रविवारी आबा सकाळपासून इंजिनाचं हेड उतरवत होते आणि मी पान्हे देत होते. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. बिडाचं, चांगलं जड. सगळे नट थोडे थोडे सैल करत जायचं, एकच नट एकदम काढायचा नाही, नाहीतर झाकण वाकतं, हे ते मला दर वेळी नव्यानं सांगायचे आणि मीही दर वेळी नव्यानं ऐकायची.

गाडी एमजी. इंग्रजांच्या काळातली, उघडी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, दोनच माणसांची. आबा फौजेत सुभेदार होते, शेवटी खडकीच्या वर्कशॉपमध्ये. निवृत्त होताना एका साहेबानं आपली मोडकी एमजी भंगाराच्या भावात त्यांच्या गळ्यात घातली. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात ती उसाच्या ट्रकमधून उतरली, तेव्हा लोक म्हणाले, सुभेदारानं एवढी नोकरी करून पाळणा आणला.

पेन्शन आणि थोडा ऊस, एवढ्यावर तिचा वेग वाढवायचं आबांनी मनावर घेतलं होतं. नवे भाग आणायची ऐपत नव्हती, म्हणून जे होतं तेच घासायचं, तासायचं, नाहीतर काढून टाकायचं. हेडच्या आतल्या हवेच्या वाटा त्यांनी काठीला पॉलिश पेपर गुंडाळून घासल्या, इतक्या की आत बोट घातलं तर ते घसरायचं. बंपर, टप, टपाचा सांगाडा, जादा चाक, सगळं उतरवून गोठ्याच्या माळ्यावर गेलं. "छकडा हलका तर बैल पळतो," ते म्हणायचे. आमच्याकडे शर्यतीचा छकडा एकटा गडी खांद्यावर घेऊन जातो. आबा मोटारीचं शास्त्र फौजेत शिकले, पण त्यांचा खरा विश्वास छकड्यावर.

निमित्त होतं घाटाच्या शर्यतीचं. पुण्याची काही हौशी मंडळी उन्हाळ्यात साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात मोटारींची शर्यत घेणार होती. एकेका गाडीनं घाट चढायचा, खाली-वर घड्याळं लावून माणसं उभी. आबांनी ते दिवाळीत सांगितलं होतं आणि तेव्हापासून आमचे रविवार शेडमध्येच जात होते.

"लाला, जेवायला येतोस का तितंच ग्रीस खातोस?" हरणाआत्यानं हाक मारली. ती आबांची थोरली बहीण, त्यांना लाला म्हणायची. आई गेल्यापासून घर तिच्याकडं.

"आलो गं."

"मघापास्नं आलो आलो. तुझं आलो म्हंजी सरकारी रस्ता, कागदावरच."

जेवून परत आलो तेव्हा माझं लक्ष गेलं. गाडीची डावी बैठक जागेवर नव्हती. गादी नाही, खालची फळीही नाही, नुसता पत्रा. मागच्या रविवारी मी तिथं बसून आबांबरोबर कालव्यापर्यंत जाऊन आले होते.

"आबा, बैठक?"

"वजन," ते म्हणाले.

मग मी कुठं बसू, असं मी विचारलं नाही. ते हेड गोणपाटात बांधत होते. मी सांगलीत कॉलेजात शिकवत होते आणि सांगलीत केरबा मिस्त्रींचं लेथ होतं, त्यामुळं गाडीचे भाग माझ्याबरोबर रेल्वेनं जात-येत. हेडचा तळ थोडासा तासला की आतली जागा कमी होते, पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि जोर वाढतो. फुकटात वाढणारा जोर हाच, असं आबांचं म्हणणं.

"केरबाला म्हणावं, कागदाएवढंच तास. लोभ करू नकोस."

"कळेल त्यांना?"

"कळत न्हाई म्हणून तर सांगायचं."

स्टेशनपर्यंत त्यांनी हेड सायकलच्या कॅरिअरवर आणलं, डब्यात माझ्या पायाशी ठेवलं आणि खाली उतरले. "येताना भडंग आण," म्हणाले. रेल्वे हलली तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते, डिझेल इंजिनाच्या आवाजाकडं कान देऊन उभे होते.

सोमवारी सकाळी ते गेले. आत्या चहा घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा ते बाकावर बसले होते, पाठ भिंतीला, हातात फडकं. तिला वाटलं, डुलकी लागली. चहा शेजारी ठेवून ती परत आली. कप न्यायला गेली तेव्हा तिला कळलं.

मी वाचणारी बाई आहे. शोकाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. त्यात माणसाला गेलेल्याचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मला त्या दिवसांत बैठक काढलेला पत्रा दिसत होता. लोक भेटायला येत, आबांच्या फौजेतल्या गोष्टी सांगत, मी मान डोलवत असे आणि मनात तेच. वजन म्हणून काढली, हे खरं असेलही. पण शर्यतीला अवकाश होता आणि मी दर रविवारी येणार, हे त्यांना माहीत होतं. मग इतक्या लवकर का? मला बरोबर घ्यायचं नव्हतं? की माझा त्यात काही संबंधच नव्हता आणि मी उगाच एका फळीत अडकून पडले होते? या प्रश्नाची मला लाज वाटत होती, पण दुसरा कुठला येत नव्हता.

तेरावं झाल्यावर धाकटा भाऊ आप्पासो माझ्याजवळ येऊन बसला. तो फौजेत हवालदार, पठाणकोटला होता, आणि त्याची रजा संपत आली होती.

"आक्का, विट्याच्या एका शेठनं गाडी मागितलीया. गलाईवाला हाय, सोनं-चांदी गाळतो, तिकडं लांब मद्रासकडं दुकान हाय त्याचं. पोराच्या वरातीला पायजे म्हणतो."

"वरातीला?"

"व्हय. नवरानवरी दोगं बसतील न्हवं, एवढंच इचारत हुता. म्हणलं, बसतील की. ती बैठक तेवढी लावायला पायजे. आन् हेड. तुला जमंल का? मी इन्फंट्रीचा, मला बूट सोडून काय जोडाय येत न्हाई."

मी हो म्हटलं. गाडी ठेवून करायचं काय, हे मलाही सांगता आलं नसतं. पण ती जाण्याआधी बैठक का काढली एवढं मला कळायला हवं होतं. ती एकदा गेली की ते कधीच कळणार नव्हतं.

केरबा मिस्त्रींचं दुकान सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या बोळात. शेतातल्या ऑइल इंजिनांची कामं तिथं चालत. त्यांनी हेड कापडावर काढून ठेवलं होतं.

"हात फिरवा बाई. काच हाय, काच."

"आबांनी कागदाएवढंच म्हटलं होतं."

"मग? आता कागद म्हंजी वहीचाबी असतो आन् लग्नपत्रिकेचाबी असतो." मग ते गंभीर झाले. "सुभेदार असं जायाचं न्हवतं."

मी म्हटलं, "शर्यतीपर्यंत तरी राहायला हवे होते."

"कसली शर्यत?"

"घाटातली. यवतेश्वरची."

"ती तर कवाच रद्द झाली की! पेट्रोलचा भाव असा चढला, कोण घाट चढतंय? संक्रांतीच्या सुमाराला त्यांनीच मला सांगितलं."

संक्रांतीनंतरचे सगळे रविवार आम्ही शर्यतीसाठी म्हणून काम करत होतो. निदान मी तसं समजत होते. आबा तसं कधी म्हणाले होते का, ते मी आठवू लागले आणि मला ते आठवेना.

"मग हे हेड कशाला तासायला दिलं?"

"म्याबी त्येच इचारलं. शर्यत न्हाई तर कशाला घासताय? तर म्हणले, शर्यत गेली, गाडी हाय न्हवं."

"आणि डावी बैठक काढली ती?"

"त्ये वजन. आवं, आपल्यात मालक कवा छकड्यावर बसतो का? मालकानं बांधावर हुबं ऱ्हायचं. हाकणारा हलका पायजे. सुभेदारांचं पोट बघा की, घाटात गाडी मागं आली असती." बोलता बोलता त्यांनी जीभ चावली. "माफ करा बाई. तोंडातनं गेलं."

"असू द्या. होतंच पोट. मग हाकणार कोण होतं?"

"त्ये न्हाई सांगितलं. मी म्हणलं, छकडं हाकणारा धुळा का? तर हसले."

"हो म्हणून हसले, की नाही म्हणून?"

"आता हसण्याचं कसं सांगू बाई? हसले."

रेल्वेत हेड पायाशी घेऊन बसले तेव्हा मी आले होते त्याहून जास्त गोंधळले होते. शर्यतच नसेल तर हाकणारा कशाला? आणि हाकणारा कुणी नसेल तर एवढी हलकी गाडी कुणासाठी? किर्लोस्करवाडी गेली, ताकारी गेली. समोरची बाई म्हणाली, "लोखंडाचं काय न्हेतायसा वं?" मी म्हटलं, गाडीचं झाकण. ती म्हणाली, "आन् खालची गाडी?" मला हसू आलं आणि मी खिडकीकडं तोंड केलं.

हेड बसवायला मला एक आख्खा दिवस लागला. दोन भागांमधलं तांब्याचं पॅकिंग जुनंच वापरायचं होतं. ते तापवून लाल करून पाण्यात सोडलं की पुन्हा मऊ होतं. शेजारच्या गुऱ्हाळावर आप्पानं ते चुलाणात धरलं. गुऱ्हाळावरची माणसं म्हणाली, हवालदार, गूळ संपला का, तांबं उकळताय? मग मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात मी नट आवळले, एक फेरी, पुन्हा दुसरी फेरी.

"तुला कुणी शिकवलं हे?" आप्पानं विचारलं.

"कुणी नाही. पान्हे द्यायची."

"चल, मी सुरू करून बघतो," म्हणत तो चाकामागं बसायला गेला आणि अडकला. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दांड्याला टेकले, पोट चाकाला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. त्याचा एक पाय बाहेर होता, तो हवेत हलत होता.

आत्या दारात आली. "ओढ गं त्याला भाईर. न्हाईतर त्याच्यासकट ईक. शेठ जादा देईल."

आम्ही त्याला बाहेर काढला आणि मी वाकून बघितलं. उजवी बैठक जुन्या भोकांवर नव्हती. पत्र्याला नवी भोकं पाडून ती वीतभर पुढं घेऊन बसवली होती. खाली क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांवर बाभळीच्या लाकडाचे ठोकळे होते, तारेनं गच्च आवळलेले. ऍक्सिलेटरवरसुद्धा एक लहानसा, तासून गोल केलेला.

आप्पा फौजेतल्या शिव्या देत गुडघा चोळत होता. मग तोही वाकून बघू लागला.

"आबा हितं बसूच शकत न्हवतं," तो म्हणाला.

"नाही."

"मग हे कुणासाठी?"

धुळ्याला बोलावलं. धुळा धनगराचा, माण तालुक्यातला. दुसऱ्यांचे छकडे शर्यतीत हाकणं हाच त्याचा लौकिक. अंगानं वाळक्या शेंगेसारखा, उंचीला माझ्याएवढाच, पटका सोडला तर माझ्याहून थोडा कमीच. तो गाडीभोवती एक फेरी मारून उकिडवा बसला.

"धुळा, आबांनी तुला या गाडीत बसवलं होतं?"

"व्हय की ताई. ह्यातच बसवलं."

"मग हे ठोकळे तुझ्यासाठी लावले?"

"व्हय. पाय पुरत न्हवतं माझं."

आप्पानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, उत्तर मिळालं.

"पर म्या न्हाई म्हणलं," धुळा म्हणाला. "सुभेदारास्नी म्हणलं, ह्येला शेपूट न्हाई, पिळायचं काय? बैल रुसला तर कळतं. ह्ये रुसलं तर मला कसं कळायचं? लय हसलं सुभेदार. म्हणलं, ऱ्हाऊ दे, हाय माझ्याकडं दुसरं."

"दुसरं कोण?"

"त्ये न्हाई इचारलं. मी सुटलो म्हणून गपगुमान निघालो."

"थांब. तू बसलास तेव्हा पाय पुरत नव्हते, म्हणून नंतर ठोकळे लावले ना?"

धुळ्यानं पटका सरकवून डोकं खाजवलं. "पुरत न्हवतं... न्हाई, तसं न्हवं. मी बसलो आन् पाय टेकलं की. टेकलं म्हणून तर भ्या वाटलं. म्हंजी ठोकळं आदीच हुतं. का मी परत एकदा बसलो हुतो? ताई, माझी बायकू दगडाबाई हुती संगं, तिला इचारा. तिलाबी न्हाई सांगता यायचं म्हणा, ती कोंबडीच्या मागं हुती."

"बैठक तेव्हा काढलेली होती? ही डावीकडची?"

"व्हती... न्हवती... ताई, मी त्या गाडीत माझा जीव बघत हुतो, बैठक कुटं बघू?"

तो चहा पिऊन गेला. आप्पा म्हणाला, "म्हंजी धुळ्यासाठीच. सोड." आत्या म्हणाली, "लाला काय करंल त्येचा नेम न्हवता. कुणासाठी न्हाई, त्येला करायचं म्हणून केलं." दोघांचंही खरं असू शकत होतं.

मी आत बसले. पाठ बैठकीला टेकली, पाय ठोकळ्यांवर बरोबर आले, हात चाकावर. धुळ्यालाही ते असेच पुरले असणार.

मला चालवता येत होतं. कॉलेजात असताना आबांनी मला ग्रामपंचायतीच्या जीपवर शिकवलं होतं, नांगरलेल्या रानात, कारण तिथं धडकायला काही नसतं. पण एमजी मी कधी मागितली नाही, त्यांनीही कधी दिली नाही. आमच्यात तसं मागणं-देणं नव्हतं. ते पान्हा म्हणायचे, मी पान्हा द्यायची.

इंजिन लागलं. या इंजिनाला दोन कार्बोरेटर, आणि दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. एकानं स्क्रू फिरवायचा, दुसऱ्यानं रबरी नळी कानाला लावून आधी एकाचा श्वास ऐकायचा, मग दुसऱ्याचा. नळी माझ्या कानाला असायची, म्हणून आता आप्पाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "थोडा उजवीकडं. अजून. मागं ये." दोन्ही श्वास एक झाले तेव्हा त्यालाही कळलं, नळी नसताना.

मी एकटीच गाडी रस्त्यावर काढली. डावीकडं पत्रा होता आणि त्यावर नाचणारा एक विसरलेला नट. कालव्याच्या चढावर जोर दिला तर इंजिनातून फुटाणे भाजल्यासारखा आवाज यायला लागला. केरबांचा कागद पत्रिकेचाच होता. खाली उतरून मी ठिणगीची वेळ किंचित मागं सारली, आबा करायचे तशी, डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर फिरवून. पुन्हा चढावर घातली. या वेळी आवाज आला नाही. गाडी चढली. चढली म्हणजे काय, ते मला नीट सांगता येत नाही. आधी ती चढ आला की विचार करायची, आता तिनं विचार केला नाही. वारा डोळ्यांत गेला. पदर उडाला, तो मी दातात धरला. शर्यत नव्हती, घाट नव्हता, कुणी घड्याळ धरून उभं नव्हतं, आणि तरी मला ती आणखी जोरात न्यायची होती. वरच्या वळणावर उसाच्या बैलगाड्या दिसल्या तेव्हा थांबवली आणि परतले.

येताना मी मनात सगळं पुन्हा मांडून बघत होते. दुसरं आहे माझ्याकडं, म्हणजे मी. किंवा दुसरा कुणी हलका माणूस, ज्याचं नावही मला माहीत नाही. किंवा धुळ्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं वाक्य. बैठक काढली ती मला उतरवायला, किंवा मला पलीकडं, चाकामागं बसवायला, किंवा नुसतं वजन. एक धरलं की दुसरं सुटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विट्याचे शेठ आले. त्यांनी गाडीभोवती फिरून ती पसंत केली आणि ओट्यावर चहाला बसले. त्यांच्याबरोबर त्यांचा ड्रायव्हर होता, आप्पापेक्षाही उंच. आम्ही माळ्यावरून डावी बैठक काढली, फळी लावली, गादी ठेवली. वरातीच्या नवरीची जागा तयार झाली. उजवी बैठक मागं घ्यायची राहिली होती.

मी जाऊन चाकामागं बसले. का बसले ते माहीत नाही, ड्रायव्हर तिकडं चहा पीत होता आणि जागा मोकळी होती. आप्पा पक्कड घेऊन आला आणि पायपट्ट्यांपाशी वाकला.

"आक्का, पाय घे वर. ठोकळं काडायचं हायत."

मी पाय घेतले नाहीत.

"आक्का, शेठ बसल्यात तिकडं."

"ऐकलं मी."

"मग?"

तो वाट बघत उभा राहिला. ओट्यावरून आत्याचा आवाज येत होता, शेठना साखर कमी की जास्त विचारणारा. मी चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. आप्पाशी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण जे आलं ते त्याच्यासाठी नव्हतं. मी ते मोठ्यानं म्हटलं, इतकं की ओट्यावरचं बोलणं थांबलं.

"आबा, ही गाडी मला चालवायची होती. पहिल्या दिवसापासून. मला शेजारी बसायचं नव्हतं."